ट्रान्सक्रिप्टवर न छापलेली एक ओळ : राज्यातील विद्यापीठांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील अकृषी विद्यापीठांचे मा. कुलगुरू,
परीक्षा व मूल्यमापन मंडळांचे मा. संचालक,
अभ्यास मंडळांचे मा. अध्यक्ष
आणि संलग्नित महाविद्यालयांचे मा. प्राचार्य

विषय : पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांची कागदपत्रे आणि त्यांची तयारी

सप्रेम नमस्कार.

जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये आज सर्वांत मोठा गट भारतीयांचा आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात तो आकडा ४९ हजारांच्या पुढे गेला. त्यात अभियांत्रिकीवाले पुष्कळ, आणि पुण्या-मुंबईबरोबर सांगली, लातूर, जळगाव, अमरावतीकडची मुले-मुलीही आहेत. हे पत्र लिहिणाऱ्या आमच्यापैकी काही जण आपल्याच संलग्नित महाविद्यालयांत शिकवतात, काही जण जर्मनीत शिकून तिथेच नोकरी करतात. या मुलांचे अर्ज पाठवण्याआधी तपासून देणे, कुठल्या अभ्यासक्रमात ती बसतील हे पाहणे, हे काम आम्ही एकत्र करतो.

या कामातून एक गोष्ट आम्हाला पक्की कळली आहे. परदेशी शिक्षणाने आयुष्याला वळण लागते असे आपण म्हणतो, पण त्या वळणाची दिशा बरीचशी इथेच ठरून जाते, आपल्या परीक्षा विभागात. विद्यार्थ्याला हवा तो विषय मिळतो की मिळेल त्यावर समाधान मानावे लागते, सरकारी विद्यापीठ मिळते की कर्ज काढून खासगी, एक वर्ष वाया जाते की वाचते, यांतले पुष्कळसे एका ट्रान्सक्रिप्टवर (सर्व सत्रांचे विषय आणि गुण एकत्र दाखवणाऱ्या अधिकृत कागदावर) आणि एका अभ्यासक्रमाच्या प्रतीवर अवलंबून असते. हे दोन्ही कागद आपण देता. म्हणून हे पत्र आपल्याला.

आधी गुणांचे पाहू, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथे होते.

जर्मनीत १.० ते ५.० अशी गुणपट्टी आहे. १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० म्हणजे नापास. परदेशी गुण या पट्टीवर आणण्यासाठी तिथे ‘सुधारित बव्हेरियन सूत्र’ वापरतात. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, आलेल्या संख्येला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागायचे, उत्तराला ३ ने गुणून त्यात १ मिळवायचा. म्हणजे सूत्राला तीन आकडे लागतात : कमाल, मिळालेले आणि किमान उत्तीर्ण. पहिले दोन आपल्या ट्रान्सक्रिप्टवर असतात. तिसरा पुष्कळदा नसतो.

तो नसला की काय होते ते पाहा. विद्यार्थ्याचा सीजीपीए, म्हणजे सर्व सत्रांच्या ग्रेड पॉइंटची सरासरी, १० पैकी ७ आहे. विषयात पास होण्यासाठी ४ ग्रेड पॉइंट लागतात हे कागदावर स्पष्ट असेल तर सूत्रातून २.५ येतात. काही ठिकाणी विषयात पास व्हायला ४ आणि पदवी मिळायला एकूण ५ असा दुहेरी नियम असतो. तपासणाऱ्याने त्यातला ५ उचलला तर त्याच मुलाचे २.८ होतात. आणि महाविद्यालयाने सीजीपीएचे टक्के करून देताना ०.७५ वजा करून १० ने गुणण्याची पद्धत वापरली असेल, तर ७ चे ६२.५ टक्के होतात. ४० टक्के किमान धरून सूत्रात घातले की उत्तर येते जवळपास २.९. मुलगा तोच, परीक्षा त्याच, आणि निकाल २.५, २.८ किंवा २.९. जर्मनीतल्या अनेक अभ्यासक्रमांची अट ‘२.५ किंवा त्याहून चांगले’ अशी असते. २.८ वाल्याची फाइल प्राध्यापकांच्या समितीपुढे जातच नाही. त्याने प्रोजेक्ट काय केले, शिफारसपत्रात काय लिहिले आहे, हे कोणी वाचत नाही.

यावर उपाय एका ओळीचा आहे. ट्रान्सक्रिप्टच्या तळाशी छापा : ‘कमाल ग्रेड पॉइंट १०, उत्तीर्ण होण्यासाठी किमान ग्रेड पॉइंट ४’, किंवा आपला जो नियम असेल तो, नि:संदिग्ध शब्दांत. टक्केवारीत रूपांतर करण्याचे सूत्र विद्यापीठाचे अधिकृत असेल तरच द्या, आणि तेही त्याच कागदावर द्या. महाविद्यालयाने वेगळ्या लेटरहेडवर वेगळे सूत्र देणे बंद झाले पाहिजे. दोन कागद, दोन आकडे दिसले की तपासणारा जो आकडा विद्यार्थ्याच्या विरुद्ध जातो तोच धरण्याची शक्यता अधिक.

आता हे तपासणारे कोण, हेही सांगायला हवे. अनेक जर्मन विद्यापीठे परदेशी अर्जांची प्राथमिक छाननी स्वतः करत नाहीत. बर्लिनची ‘युनि-असिस्ट’ ही संस्था दीडशेहून अधिक उच्चशिक्षण संस्थांसाठी ते काम करते. पहिल्या अर्जाचे ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येक अर्जाचे ३० युरो ती घेते. त्याआधी, १ नोव्हेंबर २०२२ पासून, भारतीय विद्यार्थ्याला व्हिसासाठी ‘एपीएस’चे प्रमाणपत्र सक्तीचे झाले आहे. दिल्लीतल्या जर्मन दूतावासाचा हा विभाग १८ हजार रुपये शुल्क घेऊन शैक्षणिक कागदपत्रांची सत्यता पडताळतो. म्हणजे आपल्याकडून गेलेला प्रत्येक कागद किमान तीन टेबलांवरून जातो आणि प्रत्येक टेबलावर तो दुसऱ्या कागदाशी ताडून पाहिला जातो. विसंगती सापडली की खुलासा मागवतात. खुलासा म्हणजे आपल्या परीक्षा विभागाचे पत्र, आणि ते पत्र यायला इथे महिना जातो.

विसंगती कुठे सापडतात ते आम्ही नेमके सांगू शकतो.

एक, नावे. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आईचे नाव असते. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. जर्मन कारकून शेवटचा शब्द आडनाव समजतो, आणि आईचे नाव विद्यार्थ्याचे आडनाव होऊन बसते. प्रवेशपत्र त्या नावाने निघाले तर ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधी भरून ठेवायचे खाते), आरोग्य विमा आणि व्हिसा या तिन्ही ठिकाणी नाव जुळत नाही. आईचे नाव गुणपत्रिकेवर असणे ही चांगली गोष्ट आहे, ते काढू नका. ट्रान्सक्रिप्टवर फक्त ‘आडनाव’, ‘स्वतःचे नाव’, ‘वडिलांचे नाव’, ‘आईचे नाव’ असे चार रकाने करा.

दोन, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात आलेली मुले. यांच्या ट्रान्सक्रिप्टची सुरुवात तिसऱ्या सत्रापासून होते. महाराष्ट्रात हे सगळ्यांना माहीत आहे, पण बर्लिनमध्ये बसलेल्या माणसाला चार वर्षांच्या पदवीतले पहिले वर्ष गायब दिसते. पहिल्या वर्षाचे क्रेडिट धरले न गेल्याने हुशार डिप्लोमावाल्यांचे अर्ज अडकतात, आणि ही बहुतेक साध्या घरांतली मुले असतात. ‘तंत्रशिक्षण मंडळाच्या तीन वर्षांच्या पदविकेच्या आधारे प्रथम वर्षातून सूट देऊन थेट द्वितीय वर्षात प्रवेश’ एवढी ओळ ट्रान्सक्रिप्टवर असली आणि पदविकेच्या गुणपत्रिका सोबत जोडल्या की प्रश्न सुटतो.

तीन, पुनर्मूल्यांकन. फोटोकॉपी मागवून, पेपर पुन्हा तपासून घेऊन गुण वाढले, नवी गुणपत्रिका मिळाली. पण ट्रान्सक्रिप्ट जुन्या नोंदीवरून निघाले. आता एपीएसच्या हातात दोन कागद, आणि दोन्ही आपल्या शिक्क्याचे. विद्यार्थ्याने खाडाखोड केली असा संशय येण्याइतपत हे गंभीर आहे. एटीकेटीच्या, म्हणजे राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्षात गेल्याच्या, नोंदींचेही असेच. प्रयत्नांची संख्या लपवू नये, पण ती एकाच पद्धतीने दाखवावी. काही ट्रान्सक्रिप्टवर शेवटचा प्रयत्न दिसतो, काहींवर सगळे, आणि एकाच विद्यापीठाच्या दोन महाविद्यालयांतून दोन तऱ्हा आलेल्या असतात.

यापेक्षा मोठा विषय अभ्यासक्रमाच्या प्रतीचा आहे, आणि तो परीक्षा विभागाचा नाही, अभ्यास मंडळांचा आहे.

जर्मन मास्टर्सला प्रवेश देताना केवळ ‘बी.ई. मेकॅनिकल’ हे शब्द पाहत नाहीत. त्या पदवीत गणित किती, थर्मोडायनॅमिक्स किती, कंट्रोल किती, प्रोग्रामिंग किती, हे मोजतात. मोजण्याचे एकक ईसीटीएस, म्हणजे युरोपातले क्रेडिट. वर्षाला ६० ईसीटीएस, तीन वर्षांची पदवी १८० आणि चार वर्षांची २४०. एक ईसीटीएस म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे एकूण काम, त्यात तास, प्रयोगशाळा, घरचा अभ्यास सगळे आले. आपल्याकडे चार वर्षांच्या अभियांत्रिकी पदवीचे साधारण १६० क्रेडिट. म्हणजे आपले एक क्रेडिट त्यांच्या दीड ईसीटीएसच्या बरोबरीचे. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानेही वर्षाला ४० क्रेडिट हेच माप धरले आहे.

समजा एखाद्या सिम्युलेशनच्या अभ्यासक्रमाला गणिताचे किमान २० ईसीटीएस हवे आहेत. आपल्या विद्यार्थ्याने गणित १, २ आणि ३ असे प्रत्येकी ४ क्रेडिटचे विषय केले. झाले १२ क्रेडिट, म्हणजे १८ ईसीटीएस. दोन कमी. खरे तर त्याने ‘न्युमरिकल मेथड्स’ वेगळ्या विषयाच्या पोटात शिकलेले असते, फायनाइट एलिमेंटच्या पेपरात अर्धे सत्र मॅट्रिक्स आणि डिफरन्शियल इक्वेशन्स केलेली असतात. पण अभ्यासक्रमाच्या प्रतीत त्या विषयाचे वर्णन सहा ओळींचे, तासांची विभागणी नाही, संदर्भग्रंथांची यादी मात्र पानभर. जर्मन तपासनीस त्यातून दोन ईसीटीएस गणिताचे आहेत हे कसे ताडणार? तो नकार देतो, आणि नियमाने पाहिले तर त्याचे चूक नाही.

तिथल्या प्रत्येक विभागाचे एक ‘मोड्यूल हँडबुक’ असते. प्रत्येक विषयाला एक-दोन पाने : काय शिकवले जाते, आठवड्याला किती तास व्याख्यान, किती तास सराव, घरचा अभ्यास किती तास धरला आहे, परीक्षा कशी, आधी काय येणे गरजेचे आहे, शेवटी विद्यार्थ्याला काय जमले पाहिजे. आपल्या अभ्यास मंडळांनी पुढचा पॅटर्न, म्हणजे अभ्यासक्रमाची नवी आवृत्ती, करताना याच साच्यात प्रत्येक विषय लिहावा. प्रत्येक युनिटपुढे तास लिहावेत. प्रात्यक्षिकाचे तास वेगळे दाखवावेत. हे काम मोठे नाही, कारण शिकवणाऱ्याला हे सगळे माहीत असतेच, फक्त ते कागदावर उतरत नाही.

आणि जुने पॅटर्न कृपा करून संकेतस्थळावरून काढू नका. नवा पॅटर्न लागू झाला की जुन्याची पीडीएफ नाहीशी होते. २०१५ च्या पॅटर्नने शिकलेला विद्यार्थी पाच-सात वर्षे नोकरी करून बाहेर जायचे ठरवतो तेव्हा त्याला त्याचाच अभ्यासक्रम सापडत नाही. मग तो झेरॉक्सवाल्याकडे, सीनिअरकडे, टेलिग्रामच्या ग्रुपवर शोधत फिरतो आणि मिळेल ती प्रत साक्षांकित करून घ्यायला पुन्हा आपल्याच खिडकीवर येतो. सगळे पॅटर्न वर्षवार, शाखावार, एका पानावर कायम ठेवा.

विषय बदलू इच्छिणाऱ्यांना या सगळ्याची झळ सर्वांत जास्त बसते. परदेशी शिक्षणाचा खरा लाभ तिथेच तर असतो. मेकॅनिकलचा मुलगा बॅटरीकडे वळतो, इलेक्ट्रॉनिक्सची मुलगी वैद्यकीय उपकरणांकडे, रसायनशास्त्राचा बी.एस्सी. मटेरियल सायन्सकडे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात इरावती कर्वे मुंबईत समाजशास्त्र शिकून बर्लिनला गेल्या, तिथे मानववंशशास्त्रात डॉक्टरेट केली आणि परत येऊन पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या विषयाचे मोठे काम उभे केले. असे वळण आजही घेता येते, पण आता त्याच्या वाटेवर ईसीटीएसचा हिशेब उभा आहे. पदवीच्याच विषयातल्या मास्टर्सला थोडी तूट चालवून घेतात, काही ठिकाणी ‘प्रवेश मिळाल्यावर हे दोन विषय जास्तीचे करा’ अशी सवलतही देतात. वेगळ्या विषयात जाणाऱ्याला मात्र प्रत्येक क्रेडिटचा पुरावा द्यावा लागतो.

तारखांविषयी. हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होते, त्याच्या अर्जाची सर्वसाधारण शेवटची तारीख १५ जुलै. उन्हाळी सत्राची १५ जानेवारी. पण युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी अनेक ठिकाणी मुदत बरीच आधी संपते. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात बऱ्याच मास्टर्सना ३१ मे, काही ठिकाणी मार्चच. आपली शेवटच्या सत्राची परीक्षा मे-जूनमध्ये आणि निकाल जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे अर्ज सातव्या सत्रापर्यंतच्या गुणांवर करावा लागतो आणि नोंदणीच्या वेळी पदवीचा पुरावा द्यावा लागतो. दीक्षान्त समारंभ त्यानंतर कित्येक महिन्यांनी. तोवर तात्पुरत्या पदवी प्रमाणपत्रावर सगळे चालते, पण ते निकालानंतर किती दिवसांत मिळेल हे विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही.

ज्या विद्यापीठांनी केले नसेल त्यांनी ट्रान्सक्रिप्ट, तात्पुरते पदवी प्रमाणपत्र, इंग्रजी माध्यमाचे प्रमाणपत्र आणि अभ्यासक्रमाची साक्षांकित प्रत या चार सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित कराव्यात आणि प्रत्येकीला दहा कामाच्या दिवसांची मुदत घालावी. समाजकल्याण आयुक्तालयामार्फत राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी अर्ज करणाऱ्या मुलांना ही मुदत आणखी महत्त्वाची आहे. त्यांच्या मागे एजंटला पैसे देऊन काम करून घेणारे कोणी नसते, आणि एका कागदासाठी गडचिरोलीहून नागपूर किंवा मुंबईच्या फेऱ्या मारणे त्यांना परवडत नाही.

कागद वेळेवर किंवा नीट न मिळाल्याने सरकारी विद्यापीठ हुकले की पुढे काय होते, तेही लिहितो. बहुतेक जर्मन राज्यांत सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, फक्त सत्राचे काही शे युरो. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपबाहेरच्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ पासून नव्या विद्यार्थ्यांना मास्टर्ससाठी सत्राला ४,००० किंवा ६,००० युरो लावले आहेत. राहण्याच्या खर्चासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये १ सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ युरो, म्हणजे महिना ९९२ युरो, आधीच भरून दाखवावे लागतात. एवढे बऱ्याच मध्यमवर्गीय घरांना कर्ज काढून जमते. पण नकार आलेल्या मुलाला एजंट खासगी संस्थेचे नाव सुचवतो, कारण तिथे प्रवेश लगेच मिळतो आणि एजंटला दलाली मिळते. शुल्क वर्षाला दहा हजार युरोंच्या आसपास किंवा वर, त्यावर राहण्याचा खर्च. घर किंवा शेत तारण पडते. सगळ्या खासगी संस्था वाईट नाहीत. पण ज्याला २.५ मिळायला हवे होते त्याला २.८ मिळाले म्हणून हा रस्ता धरावा लागणे, हे आम्हाला सहन होत नाही.

इथवर कागदांचे झाले. तिथे पोहोचल्यावर जे बिघडते त्याचेही मूळ काही अंशी आपल्याकडे आहे.

दोन वर्षांचे मास्टर्स १२० ईसीटीएसचे. त्यातले साधारण ९० विषयांचे आणि ३० प्रबंधाचे, प्रबंधाला सहा महिने. वर्गात हजेरी घेत नाहीत आणि वर्षभराचे अंतर्गत गुण बहुधा नसतात. सत्राच्या शेवटी एक परीक्षा, तिच्यावर सगळे. परीक्षेसाठी वेगळी नोंदणी करावी लागते, तिची खिडकी काही आठवडेच उघडी असते. वर्गात बसलो म्हणजे परीक्षेला बसता येते असे समजून पहिल्याच सत्रात तीन विषय गमावणारी मुले दर वर्षी असतात. आणि एटीकेटीसारखी पुन्हा पुन्हा परीक्षा देण्याची मोकळीक नाही. अनेक परीक्षा-नियमावलींत एका विषयाचे तीनच प्रयत्न मिळतात. सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदा नापास झालेल्याला विद्यापीठातून काढतात आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही घेता येत नाही. निवास परवाना शिक्षणासाठी दिलेला असतो, त्यामुळे तोही धोक्यात येतो. आपल्याकडे ‘पुढच्या वेळी काढू’ ही सवय चार वर्षे मुरलेली असते. बाहेर जाणाऱ्यांना हा फरक शेवटच्या वर्षात स्पष्ट शब्दांत सांगायला कोणी तरी हवे.

प्रबंधाचे दुखणे याहून खोल आहे. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विकत घेतला जातो हे आपल्याला माहीत आहे आणि आम्हालाही. रेडिमेड मॉडेल, छापील रिपोर्ट, ‘व्हायवा’ची प्रश्नोत्तरे, सगळे मिळते. ज्याने स्वतः एकही प्रयोग मांडलेला नाही, मोजमापातली चूक शोधलेली नाही, दुसऱ्याचे वाक्य आणि स्वतःचे वाक्य यांत अवतरणचिन्हाचा फरक केलेला नाही, त्याला सहा महिने एकट्याने एका प्रश्नावर काम करायचे असते, आणि शेवटी ‘हे काम माझे आहे’ असे सही करून द्यायचे असते. पुष्कळ मुले प्रबंध कंपनीत करतात आणि तिथूनच नोकरीचे दार उघडते. प्रबंध रखडला की नोकरीही रखडते. आपल्याकडे प्रोजेक्टची वही दर आठवड्याला तपासली, चुकलेल्या प्रयोगाची नोंद ठेवायला लावली आणि मार्गदर्शकाने प्रत्येक गटाला महिन्यातून एकदा तासभर फळ्यापुढे उभे केले, तर परिस्थिती सुधारेल. त्यासाठी एका मार्गदर्शकाकडे किती गट असावेत यावर मर्यादा घालावी लागेल. ते प्राचार्यांच्या हातात आहे.

भाषा. अभ्यासक्रम इंग्रजीत असतो म्हणून जर्मन शिकायची गरज नाही, हा समज मुलांना फार महाग पडतो. ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे बारा महिन्यांचे असतात, दुसऱ्या वर्षाचा खर्च काम करून भागवावा लागतो. कायद्याने विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. सत्र चालू असताना कंपनीत ‘वेर्कस्टुडंट’ (शिकता शिकता नोकरी करणारा विद्यार्थी) म्हणून आठवड्याला २० तास करता येतात. विषयाशी संबंधित असे काम मिळाले तर ते पगारापेक्षा मोलाचे, कारण पुढे प्रबंध आणि नोकरी त्याच साखळीतून येतात. पण विशेषतः लहान-मध्यम कंपन्यांत बैठका, ईमेल, सुरक्षेच्या सूचना सगळे जर्मनमध्ये. जर्मनची बी१ ही मध्यम पातळी (सुरुवातीची ए१, मग ए२, मग बी१) नसेल तर उरते गोदामातले किंवा घरपोच डिलिव्हरीचे काम. त्यातून भाडे निघते, पण विषय मागे पडतो आणि परीक्षा लांबतात.

पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांचा परवाना मिळतो. ‘ब्लू कार्ड’साठी, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या निवास परवान्यासाठी, २०२५ मध्ये वर्षाला ४८,३०० युरो पगाराची अट होती. नव्या पदवीधरांना आणि मनुष्यबळाची टंचाई असलेल्या व्यवसायांना सुमारे ४३,७६० युरो. ब्लू कार्डवर कायमच्या निवासाला साधारण २७ महिने लागतात, बी१ जर्मन येत असेल तर २१. ज्यांना डॉक्टरेट करायची आहे त्यांच्यासाठी तिथले पीएच.डी. बहुधा पगारी नोकरीच असते, विद्यापीठाच्या वेतनश्रेणीतली. पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकता येते, पण नांदेड, जळगाव, गडचिरोलीच्या मुलांना ते दूर आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, त्यातून जर्मन शिकवण्याची चर्चा झाली. त्याच ओघात विद्यापीठांनी दुसऱ्या वर्षापासून जर्मन हा क्रेडिट असलेला ऐच्छिक विषय ठेवावा. शिक्षक ऑनलाइन असला तरी चालेल, परीक्षा मात्र गोएथे किंवा टेल्क या मान्यताप्राप्त भाषा-परीक्षांच्या दर्जाची हवी. कॉलेज सांभाळून ए१ ते बी१ गाठायला दीड वर्ष तरी लागते. शेवटच्या वर्षात सुरू केले तर वेळ उरत नाही.

शिफारसपत्रांबद्दल थोडक्यात. बऱ्याच ठिकाणी अर्जात प्राध्यापकाचा संस्थेचा ईमेल पत्ता मागतात आणि त्यावर थेट लिंक पाठवतात. आपल्या संलग्नित महाविद्यालयांतल्या पुष्कळ प्राध्यापकांकडे असा पत्ता नाही, जीमेलवर भागते, आणि तो पत्ता नाकारला जातो. प्रत्येक पूर्णवेळ प्राध्यापकाला महाविद्यालयाच्या डोमेनचा ईमेल द्या. आणि विद्यार्थ्याने लिहून आणलेल्या मजकुरावर सही करू नका. एकाच वर्गातल्या चार मुलांची पत्रे शब्दशः सारखी निघाली की चौघांवरचाही विश्वास उडतो.

शेवटचा मुद्दा परत येणाऱ्यांचा. तिथे मास्टर्स करून महाराष्ट्रात पीएच.डी. करायला किंवा शिकवायला येऊ पाहणाऱ्यांना आपला पात्रता विभाग प्रत्येक सत्राची गुणपत्रिका आणि स्थलांतर प्रमाणपत्र मागतो. जर्मन विद्यापीठे सत्रवार गुणपत्रिका देत नाहीत, शेवटी एकच प्रमाणपत्र आणि सर्व विषयांचा एक तक्ता देतात. स्थलांतर प्रमाणपत्र नावाची वस्तू तिथे नाही, त्याऐवजी नोंदणी संपल्याचा दाखला मिळतो. परदेशी पदव्यांच्या समकक्षतेसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये नवे विनियम आणले आहेत. ते समोर ठेवून आपले अर्जाचे नमुने बदला. तिथे शिकून आलेली, इथे काम करू इच्छिणारी माणसे या खिडकीवरून परत जातात आणि मग त्यांचे परतणेच राहून जाते.

पुढच्या हिवाळी सत्राचे अर्ज डिसेंबर-जानेवारीपासून भरायला सुरुवात होते. किमान उत्तीर्ण गुणांची ओळ, नावाचे चार रकाने, थेट द्वितीय वर्ष प्रवेशाची नोंद आणि पुनर्मूल्यांकनानंतरचेच गुण ट्रान्सक्रिप्टवर येणे, या चार गोष्टी परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या एका बैठकीत ठरवून नोव्हेंबरअखेर लागू करता येतील असे आम्हाला वाटते. अभ्यासक्रमाच्या वर्णनाचे आणि जर्मन भाषेचे काम त्यानंतर, पुढच्या शैक्षणिक वर्षात. ट्रान्सक्रिप्टचा आणि विषय-वर्णनाचा नमुना आम्ही मराठी व इंग्रजी दोन्हींत तयार करून देऊ. बैठकीला बोलावल्यास स्वखर्चाने येऊ.

कळावे,
आपले,
संलग्नित महाविद्यालयांतील काही प्राध्यापक आणि जर्मनीत शिकलेले काही माजी विद्यार्थी